तारीख तेवढी जुनी

"नाव तुझंच आहे, तारीख तेवढी जुनी आहे. म्हणून तर आपण नाव तेच ठेवलं ना, कमळ," असं मधुकर टेपमध्ये म्हणाला आणि हसला. हसला म्हणजे काय, नाकातून थोडा वारा सोडला, एवढंच. पण मस्कतच्या खोलीतलं ते हसू घाटकोपरला भटवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत इतकं स्वच्छ ऐकू आलं की सुगंधाला वाटलं, हा मागेच उभा आहे. तिनं वळून पाहिलंसुद्धा. मागे तिची सासू सोनूबाई स्टोव्हला पंप मारत होती. टेप चालूच. पंख्याची घरघर, कुणीतरी मल्याळीत काहीतरी ओरडलं, मग मधुकर आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला, पावसाळ्याच्या आत पत्र्यांवर डांबर टाकून घ्यायचं सांगू लागला. सुगंधानं बटण दाबलं, टेप थोडी मागे नेली, पुन्हा लावली. म्हणून तर आपण नाव तेच ठेवलं ना. पुन्हा मागे नेली. तिसऱ्या वेळी सोनूबाई म्हणाली, "अगो, किती येळा ऐकतलंस? टेप तुटात." आणि खुशीत हसली. तिला वाटलं, नवऱ्याच्या आवाजानं पोरीचं मन भरत नाहीय.

टेप आणि पाकीट राजारामभाऊंनी आणलं होतं. हे राजारामभाऊ मधुकरच्याच कंपनीत क्रेनवर कामाला; पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले, येत्या मंगळवारी परत जाणार. पाकिटात इंग्रजीत टाईप केलेला एक कागद होता. सुगंधा मॅट्रिक होती, अडखळत का होईना तिला वाचता येत होतं. मी, कमळ मधुकर घाडी, वय सत्तावीस, शपथेवर लिहून देते की माझं लग्न दिनांक ११ मे १९७९ रोजी झालं. खाली फोटो चिकटवायला चौकोन. भानगड काय ती मधुकरनं टेपमध्ये सांगितलीच होती, अगदी पाढे म्हटल्यासारखी. कंपनीनं गेल्या वर्षीच्या सुरुवातीलाच काढलं होतं की ऐंशी सालाच्या आधी ज्यांची लग्नं झाली त्यांनाच बायकोसकट राहायला खोली मिळेल. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, सहा वर्षं, सात वर्षं, काय लागतील ती. मधुकरच्या फाइलीत बायकोचं नाव कमळ होतं आणि तारीख एकोणऐंशीची. आता तेच लग्न तिकडच्या आपल्या एम्बसीत रजिस्टर करायचं, दाखला कंपनीत द्यायचा, की दोन महिन्यांत खोली. त्यासाठी इथून बायकोचं प्रतिज्ञापत्र पाहिजे, नोटरीसमोर सही केलेलं. साधी गोष्ट. फक्त कमळ जी होती ती मधुकरची पहिली बायको, त्र्याऐंशीच्या गणपतीत गावी गेली आणि काविळीनं तिकडेच वारली. आणि सुगंधाचं लग्न झालं चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, नऊ महिन्यांपूर्वी.

आपण नाव तेच ठेवलं. आपण म्हणजे कोण रे? सुगंधा तर त्या बोलण्यात कुठेच नव्हती. लग्नाच्या दिवशी ती पाटावर बसली होती, मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, समोर ताटात तांदूळ पसरले होते आणि मधुकर अंगठीच्या टोकानं त्या तांदळात नाव लिहीत होता. नाव बदलणार हे काय, ठरलेलंच असतं. अंधेरीच्या चाळीतल्या मैत्रिणींनी आठवडाभर आधी पैजा लावल्या होत्या, माधुरी ठेवील, मधुरा ठेवील, मधुकरला शोभेलसं काहीतरी ठेवील. त्यानं लिहिलं क, मग म, मग ळ. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुगंधाची आत्या तर मोठ्यानं म्हणालीच, अगं बाई, तिचंच? आणि सुगंधा, म्हणजे मूर्खपणाची कमाल बघा, सुगंधा त्यावर भाळलीच होती. तिला वाटलं, किती जीव असेल याचा तिच्यावर! तिला विसरता येत नाही म्हणून ती जागा मला देतोय, दुसरं-तिसरं नाव देऊन कडेला नाही बसवत. गिरणी बंद पडून बाप दोन वर्षं घरी बसलेला, म्हणून बिजवराला दिलेली ती पोर; तिला त्या तांदळातल्या तीन अक्षरांचा अभिमान वाटला होता. वहीच्या मागच्या पानावर तिनं कमळ मधुकर घाडी अशी सही घोटली होती, ळ ला शेपटी काढून. आता पोळपाटापाशी बसल्या-बसल्या तिचे कान तापले. त्या ताटासमोर, तांदळावर अंगठी टेकवताना, हा माणूस कंपनीच्या फाइलीचा विचार करत होता. एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटण्यासारखं तिनं काही केलंही नव्हतं.

केलं नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? आता एकेक आठवायला लागलं. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला तिनं लग्नानंतर आठ दिवसांत आणला होता. सोनूबाईनं तो घडी करून ट्रंकेत टाकला. म्हणाली, आपल्या कार्डार कमळ आसाच, उगाच कित्या ऑफिसात खेटे? तेव्हा सुगंधाला तो शहाणपणा वाटला. एका कार्डावरून ती उतरली आणि दुसऱ्यावर चढलीच नाही, मधल्यामध्ये ट्रंकेत राहिली. डिसेंबरात मतदान झालं, यादीत कमळ मधुकर घाडी होतं, ती गेली आणि कमळच्या नावानं बोटाला शाई लावून आली. बूथवरच्या मास्तरानं वय पंचवीस-सव्वीस वाचून तिच्याकडे पाहिलं, तर ही हसली. रॉकेलवाला तिला कमळवहिनी म्हणायचा. मेलेलीच्या नावानं हाक मारली की ओ द्यायची इतकी सवय झाली होती, की गेल्या महिन्यात अंधेरीला तिच्या सख्ख्या भावानं जिन्यावरून सुगे अशी हाक मारली तेव्हा ती दोन पायऱ्या तशीच खाली गेली. गळ्यात तर सवतीचा टाक होताच. दुसरेपणाची म्हणून पहिलीच्या नावानं मंगळसूत्रात ओवलेला, चांदीचा, नखाएवढा. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. टाक म्हणजे निदान कबुली होती की आधी एक होती आणि आता ही दुसरी आहे.

अकरा मे एकोणऐंशीला मी कुठे होते, हा एक प्रश्न मात्र तिच्या डोक्यात घुसला तो निघेना. भाकरी थापताना, मोरीत कपडे आपटताना, नळावर रांगेत, तोच. ती सोळाची होती, नववीची परीक्षा झाली होती. मे महिन्यात ती मनोरीला होती, बापाच्या गिरणीतल्या दोस्ताकडे, मार्व्याहून तरीच्या होडीनं खाडीपलीकडे. दोस्ताची मुलगी प्रेमा तिच्याच वयाची. दोघी सकाळी वाळूत वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून पळायच्या, कावळे हाकलायच्या बहाण्यानं. एक दिवस ओहोटीच्या पाण्यात तिच्या पोटरीला जेलीफिश लागला होता. आग, आग, अशी आग की ती लाज सोडून परकर गुडघ्यापर्यंत वर धरून घरभर नाचली होती, आणि प्रेमाची आजी तिच्या पोटरीवर गरम वाळू चोळत तोंडानं शिव्या देत होती. तो दिवस अकरा तारखेचा असेल, नसेलही. पण असं काहीतरी होतं त्या दिवशी. पोटरी होती, आग होती, आजी होती. आता तिनं शपथेवर लिहून द्यायचं होतं की त्या दिवशी ती मांडवात होती, सत्तावीस वजा सहा म्हणजे एकवीस वर्षांची, आणि तिच्या गळ्यात मधुकरनं मंगळसूत्र बांधलं. तिनं साडी जरा वर सरकवून पोटरीवर हात फिरवला. तिथं काही खूण राहिली नव्हती.

आणि तिला जायचं नव्हतं असं नाही हां. जायचं होतं. हे कुणी विसरू नये, तीसुद्धा विसरत नव्हती. लग्नानंतर मधुकर चोवीस दिवस होता, आणि त्यातले सात गावी गेले. उरलेल्या सतरा दिवसांवर ती नऊ महिने जगत होती. त्याची पाठ, पाठीवरचा वेल्डिंगचा जुना डाग, झोपेत कूस बदलताना तो तिचं मनगट धरायचा ते. मग विमानतळ, मग ही खोली, सासूचं खोकणं आणि पडद्यापलीकडची तिची कॉट. सहा-सात वर्षं अशीच काढायची म्हणजे ती एकोणतीसची होणार. दोन वर्षांतून महिनाभर नवरा. त्यापेक्षा एक सही. काय जातं? रात्रंदिवस टेप ऐकून ती स्वतःलाच विचारत होती, काय जातं गं तुझं? आणि उत्तर आलं नाही की तिला अंगभर खाज सुटायची, कुणीतरी दुसऱ्याच बाईचे न धुतलेले कपडे घातल्यासारखी.

"आई, ही तारीख त्यांच्या लग्नाची आहे. माझ्या नाही," ती शुक्रवारी सकाळी म्हणालीच.

सोनूबाई तांदूळ निवडत होती. "माका ठाऊक आसा गो. मी होतंय ना थंय."

"मग मी कशी सही करू?"

"हातान." सोनूबाईनं खडा उचलून बाजूला टाकला. "लग्नात सगळ्यांचीच नावा बदलतत. माझा नाव काय सोनूबाई होता? म्हायेराक मी द्वारकी. आता माका द्वारकी म्हटला तर मी वळून पण बघूचंय नाय. मेलंय काय मी?"

"तुमचं नाव दुसऱ्या बाईचं नव्हतं ना पण."

सोनूबाईनं वर पाहिलं. तिचा चेहरा कठीण नव्हता, हेच वाईट. "माझो झील थंय डब्यातला जेवता, चार बाप्ये एका खोलयेत. ती बिचारी मेली, तिका काय होया आता? तुका जावचा आसा, तेका तू होया. सोमवारी मुलुंडाक जावया, वकिलाकडे. आणि वायच त्या दहिसरच्या बाईच्या कानार घाल. नायतर उद्या बोंब मारीत येयत."

दहिसरची बाई म्हणजे कमळची आई, रुक्मिणी. पहिलीचं माहेर ते दुसरीचं माहेर, या रिवाजानं रुक्मिणीनं सुगंधाची पहिल्या संक्रांतीला ओटी भरली होती, साडी नेसवली होती आणि दारातच पदरानं डोळे पुसत म्हटलं होतं, आलीस गं कमळ. सुगंधा तिला दहिसरची आई म्हणायची. शनिवारी ती बसनं निघाली तेव्हा तिच्या मनात एक भित्री आशा होती, आणि ती भटवाडीपासून दहिसरपर्यंत, तीन बसा बदलून, तिनं अंड्यासारखी जपून नेली. ही बाई भडकेल. माझ्या मेलेल्या लेकीच्या नावावर कसले धंदे करता, म्हणेल. सोनूबाईच्या दारात येऊन तमाशा करील. मग प्रश्नच मिटला, सुगंधाला नाही म्हणायची गरजच नाही. दुसऱ्याच्या तोंडून नकार मिळाला तर किती बरं होतं माणसाला! नवऱ्याचा राग तिकडे जाईल आणि आपण बिचाऱ्या राहू.

रुक्मिणीची खोली नदीच्या बाजूला होती. दारात बसून ती ब्लाउजना हुक लावत होती. शिंपी गठ्ठे आणून द्यायचा. सुगंधानं सगळं सांगितलं, कागदसुद्धा वाचून दाखवला, मराठीत. रुक्मिणीनं सुई गादीत खोचून ठेवली. तिनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "यात कुठे आहे तिचं नाव?" सुगंधानं दाखवलं. रुक्मिणीनं तिथंच अंगठा ठेवला.

"गावात तिची नोंद नाही केली कुणी," रुक्मिणी म्हणाली. "मुद्दाम नाही, राहूनच गेलं. सणाचे दिवस, जावई मस्कतला, मी तर मेल्यासारखीच पडलेली. मग नंतर कुणी गेलंच नाही पंचायतीत. पण बाय, आता मला ते बरंच वाटतं. डिसेंबरात मतदान होतं ना, मी घाटकोपरला गेले होते. तुमच्याकडे नाही आले. नुसती यादी बघायला गेले. एका पोराकडून वाचून घेतली. होतं तिचं नाव." ती सुगंधाच्या जवळ सरकली आणि तिच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरून उलटसुलट करून पाहू लागली. "कर तू सही. मी कशाला अडवू? तू गेलीस की कमळ विमानात बसेल. तिला लई हौस होती गं. तिकडे घर होईल तिच्या नावाचं, पोरं होतील. कागदावर ती कुठे मेलेली नाहीच मग."

"आणि मी, आई?"

"तू आहेसच की ही समोर," रुक्मिणी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. सुगंधानं तो चहा उभ्यानं प्यायला, जीभ भाजली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती हिशोब मांडत राहिली, पण तो मांडता येईना. कमळ जिवंत असणं सगळ्यांनाच हवं होतं. नवऱ्याला खोलीसाठी, सासूला लेकासाठी, या म्हातारीला जीव धरून राहायला. सुगंधा नावाची बाई असली काय आणि नसली काय, कुणाचं काहीच अडत नव्हतं. तिकडे तिला मूल झालं तर दाखल्यावर आई म्हणून कमळ लिहिणार. मूल मोठं होऊन फॉर्म भरील, आईचं नाव कमळ. ती स्वतः तिकडे आजारी पडून मेली तर मरणारी कमळच, अखेर एकदाची. मग सुगंधाचं काय झालं, ते विचारायला कोणता कागद असेल? ना लग्नाचा, ना मरणाचा. शाळेचा एक दाखला, आणि ट्रंकेतला तो नाव कमी केल्याचा. जोगेश्वरीला बस सिग्नलवर थांबली तेव्हा तिला धाप लागल्यासारखं झालं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय गं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे. पुढच्या सीटच्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरून दोन नावं लिहिली होती, त्यातलं एक खरवडून टाकलेलं. तिनं तिकडे पाहायचं टाळलं.

रविवारी राजारामभाऊ डोकावून गेले. झालं का वहिनी, उद्या संध्याकाळी घेऊन जाईन म्हणाले. सोनूबाईनं त्यांच्या हाती द्यायला कुळथाचं पीठ, कोकमं बांधून ठेवली. फोटो तयार होता, अंगावर संक्रांतीची दहिसरची साडी. सुगंधा त्या दिवशी फार कमी बोलली आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण ती नेहमीच कमी बोलायची. की कमळ कमी बोलायची? सोनूबाई कधीतरी म्हणाली होती, ती पण तुझ्यासारकीच, मुकी. सुगंधा माहेरी मुळीच मुकी नव्हती. चाळीत तिच्या तोंडाला बायका घाबरायच्या.

सोमवारी अकराच्या सुमारास दोघी मुलुंडला पोचल्या. कोर्टाकडच्या रस्त्याला ताडपत्रीखाली टेबलं मांडलेली, टाईपरायटरांची टकटक, तिकीट-स्टॅम्पवाले, झेरॉक्सचं नवं दुकान. सोनूबाईच्या ओळखीचे वकील म्हातारे, काळा कोट विटून करडा झालेला, कवळी बोलताना हलायची. त्यांनी कागद वाचला, सुगंधाकडे चष्म्यावरून पाहिलं. "इंग्रजी समजतं?" "थोडं." "थोडं नको. शपथ आहे. मी मराठीत सांगतो, मग सही." आणि ते बोट ठेवून एकेक ओळ सांगू लागले, शाळेत मास्तर सांगतात तसं, सावकाश. नाव. वय. पत्ता. लग्नाची तारीख, ठिकाण. सुगंधा प्रत्येकाला मान हलवत गेली. मान हलवणं सोपं निघालं. तिला स्वतःचं नवल वाटलं. तीन रात्री झोप नाही आणि आता काही होत नाही, मान आपोआप हलते. हातात पेन आलं. वकील चौथ्या कलमावर पोचले. "मी असंही शपथेवर सांगते की माझे पती मधुकर धोंडू घाडी यांनी माझ्याशी केलेल्या लग्नानंतर आजतागायत दुसरं कोणतंही लग्न केलेलं नाही." आणि ते थांबले. "बरोबर?"

हे कलम तिनं वाचलं होतं. इंग्रजीत वाचलं होतं, आणि ते नुसतं गेलं होतं डोळ्यांखालून. मराठीत ऐकल्यावर तिला कळलं की तिला कशाची शपथ घ्यायला सांगताहेत. मांडव झालाच नाही. ताट नाही, तांदूळ नाही. बापानं दोन ठिकाणी हात पसरून आणलेली वरमाईची साडी नाही, ते सतरा दिवस नाहीत, मनगट नाही. दुसरं कोणतंही लग्न केलेलं नाही. आणि हे मधुकरनं नव्हे, पहिलीनं नव्हे, खुद्द दुसरीनंच म्हणायचं. तिला राग आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, खराखुरा, अंधेरीच्या चाळीतला राग, पोटातून वर येणारा. बरं वाटलं तिला त्या रागानं.

"नाही," ती म्हणाली. "केलंय."

वकिलांची कवळी हलली. "काय?"

"लग्न. केलंय त्यांनी दुसरं. माझ्याशी." तिनं पेन टेबलावर ठेवलं. "मेलेल्या माणसाची नोंद करायची राहून गेली असेल, तर काय करतात?"

सोनूबाईनं तिचं मनगट पकडलं, चांगलं करकचून. "पिसाळलंस काय गो? साहेब, ऐकू नका, तिका बरा नाय." पण वकिलांनी कागद आधीच बाजूला सारला होता. "गेलेली बाई कोण तुमची?" त्यांनी विचारलं. सुगंधा म्हणाली, "माझ्या आधीची." वकिलांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून त्यावर मराठीत एकाखाली एक लिहिलं: मृताचं नाव, वय, तारीख, वेळ, ठिकाण, कारण, सांगणाऱ्याचं नाव. वर्ष उलटलंय म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागेल, म्हणाले. मरताना जवळ असलेल्या माणसाचं सांगणं लागेल, रक्ताचं असलं तर उत्तम. आधी एवढं भरून आणा.

रस्त्यावर आल्यावर सोनूबाई ओरडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. "माझो झील थंय एकटो," ती म्हणाली. "सात वर्सां. मी बगूक तरी ऱ्हवतंय काय?" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सुगंधानं सासूचा हात धरायला हात पुढे केला, सोनूबाईनं तो झटकला. "राजाराम मोकळ्या हातान गेलो तर माझा दार तुका बंद. खंय जातंस ती जा." आणि ती म्हातारी, जिला बसचे नंबर वाचता येत नव्हते, एकटी स्टॉपकडे चालू लागली. सुगंधा तिच्या मागं थोडं अंतर ठेवून गेली, कंडक्टरला भटवाडीच्या स्टॉपला उतरवायला सांगितलं, बस सुटेपर्यंत उभी राहिली. मधुकर आता काय म्हणेल, ते टेपवर येईल की येणारच नाही, हे तिला माहीत नव्हतं. त्यानं टाकलं तर अंधेरीला बाप आणि दोन भाऊ असलेल्या खोलीत जागा नव्हती. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं. तरी ती दहिसरच्याच बसमध्ये चढली.

"माझ्या लेकीला मारायला आलीस होय गं?" रुक्मिणी म्हणाली, सगळं ऐकून. दारातून आत सरकायला जागासुद्धा दिली नाही. सुगंधा उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली.

"ती गेलीय, आई. दीड वर्ष झालं."

"मला शिकवतेस?"

रुक्मिणीनं ब्लाउज उचलला आणि हुक लावायला लागली. एक लावला, दुसरा लावला, दोरा दातानं तोडला. आत स्टोव्हवर काहीतरी करपत होतं, तिनं लक्ष दिलं नाही. सुगंधानं मांडीवर पाकीट ठेवून त्यावर वकिलांचा कागद धरला आणि लिहायला सुरुवात केली, मोठ्यानं म्हणत, कारण नाही म्हटलं तर तिचा हात थांबला असता. "मृताचं नाव, कमळ मधुकर घाडी. वय, चोवीस."

"पंचवीस," रुक्मिणी खाली बघतच म्हणाली. "सव्वीस पुरी व्हायची होती दिवाळीत."

सुगंधानं खोडून पंचवीस केलं. "तारीख. गणपतीत, एवढंच ठाऊक आहे मला."

"गौरी गेल्या त्या दिवशी." सुई चालूच होती. "सगळं घर व्हाळावर गेलेलं, विसर्जनाला. दुखण्याचं कळलं म्हणून मी गेलेली. घरात ती आणि मी, दोघीच. भजन ऐकू येत होतं. वेळ विचारतात का कागदात?"

"विचारतात."

"दिवस मावळतीला होता. दिवा लावायचा राहिला होता. इतकी पिवळी झालेली, बाय, मला वाटलं उन्हामुळे दिसतेय." सुई थांबली. "कुणी विचारलं नाही मला हे. जावयानं विचारलं, औषध कुणाचं दिलं. तुझ्या सासूनं विचारलं, दागिने कुठे ठेवले. काय झालं ते कुणीच विचारलं नाही." मग ती बोलत राहिली आणि सुगंधा लिहीत राहिली, रकान्यात मावेल तेवढं. कारण, कावीळ. ठिकाण, सासरचं घर, मागची पडवी. शेवटी सांगणाऱ्याचं नाव आलं, तिथं रुक्मिणीनं स्वतःचं सांगितलं, आणि मग म्हणाली, "लिहिणारीचं पण घाल. काय गं तुझं नाव? मी कधी विचारलंच नाही."

सुगंधानं तळाशी लिहिलं, सुगंधा मधुकर घाडी. हे तीन शब्द असे शेजारी-शेजारी तिनं आजवर कुठेच लिहिले नव्हते. सरकारात जायच्या कुठल्याही कागदावर ती मधुकरची बायको म्हणून पहिल्यांदा उतरली ती या कागदावर. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. तिनं घडी घालायला घेतली.

"पाण्याचं लिहिलंस?" रुक्मिणीनं विचारलं.

"कुठल्या पाण्याचं?"

"पाणी मागत होती ती. सारखी. काविळीवाल्यानं सांगितलेलं, औषध पोटात असेपर्यंत थेंब द्यायचा नाही. मी दिलं नाही. भरलेला तांब्या उशाशी, आणि मी दिलं नाही."

"त्याला रकाना नाही, आई."

"नसू दे," रुक्मिणी म्हणाली. "लिही."

सुगंधानं कागद पालथा केला, गुडघ्यावर नीट धरला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली.